रक्तातील सीआरपी नॉर्मल, तरी डोळ्याच्या पडद्यावर सूज कशी?

प्रश्न (घाटंजी, जि. यवतमाळ):
माझ्या बाबांना 14 वर्षांपासून मधुमेह आहे. या हंगामात वेचलेल्या कापसातली पत्ती त्यांना दिसेनाशी झाली, तेव्हा तपासणी केली. ओसीटीमध्ये (पडद्याचे थर दाखवणाऱ्या स्कॅनमध्ये) उजव्या डोळ्याच्या पडद्यावर मधोमध सूज निघाली. रक्तातील सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारे प्रथिन) मात्र नॉर्मल आहे. डोळ्यातील पाण्यात इंटरल्युकिन-6 सारखे दाहाचे घटक जितके जास्त, तितका मधुमेहामुळे होणारा पडद्याचा आजार पुढे गेलेला असतो, असे वाचले. ती तपासणी करून घ्यावी का?

उत्तर (नेत्रचिकित्सा अधिकारी, ग्रामीण रुग्णालय):
दादा, सीआरपी यकृतात तयार होते आणि ते सबंध शरीरातल्या दाहाचा अंदाज देते. डोळ्यातला दाह पडद्यातल्या पेशी स्वतःच निर्माण करतात, म्हणून रक्ताचा अहवाल चांगला असूनही पडदा सुजू शकतो. साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली की पांढऱ्या पेशी केशवाहिन्यांच्या भिंतींना चिकटतात, भिंती झिरपू लागतात, आणि व्हीईजीएफ नावाचे प्रथिन वाढून ही गळती आणखी वाढवते. पडद्यावर नव्या, नाजूक रक्तवाहिन्या उगवण्याच्या टप्प्यात इंटरल्युकिन-6, इंटरल्युकिन-8 आणि व्हीईजीएफ सुरुवातीच्या टप्प्यापेक्षा जास्त आढळतात, हे खरे आहे. परंतु ही तुलना रुग्णांच्या गटांची असते. दोन टप्प्यांतले आकडे एकमेकांत इतके मिसळतात की एकट्या बाबांच्या आकड्यावरून टप्पा ठरवता येणार नाही. शिवाय त्यासाठी डोळ्यात सुई घालून जेमतेम 0.1 मिली पाणी काढावे लागते, आणि त्यात जंतुसंसर्गाचा धोका थोडा का होईना असतोच. केवळ टप्पा कळावा म्हणून ते करू नका. टप्पा पडदा पाहूनच ठरतो: चारही भागांत रक्तस्रावाचे पुष्कळ ठिपके असले, तर तो तीव्र समजतात.

उत्तर (आर्वी, जि. वर्धा):
माझ्या आईला व्हीईजीएफविरोधी इंजेक्शने देऊनही सूज पुरेशी उतरली नाही, तेव्हा डॉक्टरांनी डोळ्यात डेक्सामेथासोनची बारीक कांडी बसवली. स्टेरॉइड दाहाचे अनेक घटक एकाच वेळी दाबते, असे त्यांनी समजावले. सूज उतरली, पण डोळ्याचा दाब वाढला आणि थेंब सुरू करावे लागले. दाब मोजण्याची तारीख चुकवू नका, ही कळकळीची विनंती.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. डाव्या डोळ्याने त्यांना स्वच्छ दिसते. तोही दाखवावा का?

उत्तर (नेत्रचिकित्सा अधिकारी):
अवश्य दाखवा. पडद्याचा मधला भाग शाबूत असेपर्यंत आजार बराच पुढे जाऊनही नजर चांगली राहते. बाहुली मोठी करणारे थेंब घातल्यावर काही तास धूसर दिसते आणि ऊन सहन होत नाही, म्हणून त्यांना गाडी चालवत एकटे परत येऊ देऊ नका.