1000 बूटस्ट्रॅप रन एका रात्रीत: ऑफिसचे डेस्कटॉप ग्रिडला जोडावेत का?

अंधेरी_पीके

पॉप्युलेशन फार्माकोकायनेटिक मॉडेल आहे, म्हणजे औषधाचं शरीरातलं प्रमाण वेळेनुसार आणि रुग्णागणिक कसं बदलतं याचं गणित. दोन कंपार्टमेंट, तोंडावाटे डोस, 312 रुग्ण. आर 4.4 (संख्याशास्त्राची भाषा) आणि त्यातलं एनएलमिक्सआर2 पॅकेज, अंदाज काढायची पद्धत एफओसीईआय. एका फिटला, म्हणजे मॉडेल डेटावर एकदा बसवायला, 25 मिनिटं लागतात. अहवालात 1000 बूटस्ट्रॅप (रुग्ण पुन्हा पुन्हा यादृच्छिक उचलून केलेले फिट) द्यायचे आहेत, म्हणजे एका कोअरवर 417 तास. 8 कोअरच्या वर्कस्टेशनवर सव्वादोन दिवस, आणि मध्येच कोणी एखादा कोव्हेरिएट (वय, वजन असा रुग्णाचा घटक) बदलायला सांगितला की पुन्हा श्रीगणेशा.

अंधेरीच्या ऑफिसात 40 विंडोज डेस्कटॉप आहेत, प्रत्येकी 6 कोअर आणि 16 जीबी रॅम. रात्री 8 ते सकाळी 8 ते नुसते पडून असतात. एचटीकॉन्डर (रिकाम्या मशिनवर जॉब वाटणारं सॉफ्टवेअर) टाकून हे काम त्यांच्यावर वाटता येईल का? जॉब केवढा ठेवावा, आणि क्यूए (गुणवत्ता तपासणारा विभाग) विचारेल तेव्हा काय दाखवावं?

स्लॉट_रिकामा

येईल. पण ग्रिडच्या आधी फिटवरच कात्री चालवा. बूटस्ट्रॅपमध्ये प्रत्येक रनची स्टँडर्ड एरर कोणी वाचत नाही, तेव्हा एफओसीईआय-कंट्रोलमध्ये कोव्ह-मेथड रिकामी ठेवा आणि कॅल्क-टेबल्स बंद करा. सुरुवातीच्या किमती म्हणून मूळ मॉडेलचे अंतिम अंदाज द्या. हे करून एक रन पुन्हा मोजा, मगच पुढचा हिशोब मांडा.

समजा 25 मिनिटंच राहिली. 6 पैकी 4 कोअर घेतलेत तर 160 स्लॉट (एकेक जॉब चालायच्या जागा) होतात, कागदावर 2.6 तास. प्रत्यक्षात कोणी मशिन बंद करून घरी जातं, कोणी साडेनऊपर्यंत बसतं, त्यामुळे 5 ते 6 तास धरा. रात्र पुरते. सगळे 6 कोअर मात्र घेऊ नका. आठनंतर इमारतीचा एसी बंद होतो, आणि मे महिन्यात टेबलाखाली भिंतीला चिकटवलेला छोटा डबा तापला की प्रोसेसर स्वतःच वेग उतरवतो.

जॉबचा आकार: एक जॉब, एक रन. 25 रन एकत्र बांधून दहा तासांचा जॉब करायचा मोह होतो, तो टाळा. तुमच्या आर जॉबला चेकपॉइंट नाही, म्हणजे अर्धवट काम जपून ठेवायची सोय नाही. सकाळी साडेसातला कोणी येऊन माउस हलवला आणि जॉब हुसकावला गेला, तर तो दुसरीकडे शून्यापासून सुरू होतो. 25 मिनिटं गेली तर गेली, दहा तास जाऊ देऊ नका. फिट 40 सेकंदांचा असता तर उलट 30-40 रन एकत्र बांधायला सांगितलं असतं, कारण मग फाइली पाठवण्यात आणि आर चालू होण्यातच वेळ जातो.

सबमिट फाइलीत (इथे देवनागरीत लिहितोय, तिथे अर्थात रोमन): रिक्वेस्ट_सीपीयूज 1, ट्रान्सफर_इनपुट_फाइल्समध्ये डेटा आणि स्क्रिप्ट, आर्ग्युमेंट म्हणून प्रोसेस क्रमांक, शेवटी क्यू 1000. एन्व्हायर्नमेंटमध्ये ओएमपी_नम_थ्रेड्स=1 विसरू नका. आरएक्सओडीई2 (एनएलमिक्सआर2 ची समीकरणं सोडवणारं पॅकेज) एरवी एकापेक्षा जास्त थ्रेड उघडतं, म्हणजे एकाच जॉबसाठी अनेक कोअर धरतं. एका मशिनवर असे चार जॉब पडले की ते एकमेकांच्या पायात पाय घालतात, आणि 25 मिनिटांचा फिट तासावर जातो. ग्रिड लावूनही वेग का वाढला नाही, याचं उत्तर बहुतेक वेळा इथेच सापडतं.

आयटी_तळमजला

विंडोजवर खरी डोकेदुखी वेगळीच असते.

एचटीकॉन्डरचा जॉब तुमच्या लॉगिनवर चालत नाही, कॉन्डर-स्लॉट नावाच्या कमी अधिकारांच्या खात्यावर चालतो. तुमच्या डॉक्युमेंट्समधली आरची पॅकेजेस त्याला दिसत नाहीत, नेटवर्क शेअरही उघडत नाही. म्हणून पॅकेजेस सगळ्या मशिनवर एकाच जागी टाका, मार्गात रिकामी जागा नको, आणि आर_लिब्स सबमिट फाइलीतच द्या. आरएक्सओडीई2 मॉडेल जागेवर कंपाइल करतं, त्यामुळे त्यासाठीचा कंपायलर संच आरटूल्स 44 चाळीसच्या चाळीस मशिनवर लागेल. नुसतं आर टाकून भागणार नाही.

कंपाइल झाल्यावर डीएलएल फाइल तयार होते. अनोळखी डीएलएल एका तात्पुरत्या फोल्डरात उगवली की अँटिव्हायरस तिला अडवतो किंवा तपासत बसतो. एक्झिक्यूट फोल्डरला सूट मिळवा, तीही सुरक्षा विभागाकडून लेखी.

केबीडीडी तपासा. हा छोटा प्रोग्रॅम वापरकर्त्याच्या सत्रात चालतो आणि कीबोर्ड-माउसची हालचाल कळवतो. तो बंद असेल तर समोर माणूस टाइप करत असतानाही मशिन रिकामं दिसतं, आणि दुसऱ्या दिवशी सगळा अकाउंट्स विभाग तुमच्या नावाने खडे फोडतो. पॉलिसीत डेस्कटॉप साचा घ्या, 15 मिनिटं हालचाल नसेल तरच जॉब येतो. पॉवरकॉन्फिगने स्लीप शून्यावर आणा. फायरवॉलमध्ये टीसीपी 9618.

टक्का_अडीच

वरचं सगळं मान्य, पण संख्याशास्त्र मागे पडतंय.

नमुने काढायचं काम नोडवर (जॉब चालवणाऱ्या मशिनवर) करूच नका. सबमिट मशिनवर एकच सीड (यादृच्छिक आकड्यांचा आरंभ क्रमांक) घेऊन 1000 ओळींची सीएसव्ही बनवा, प्रत्येक ओळीत 312 रुग्ण-क्रमांक. जॉब क्रमांक 417 ने आपली ओळ वाचायची आणि फिट करायचा, बस. यादृच्छिकता एकाच जागी राहते आणि एखादा रन महिन्याने पुन्हा हवा असेल तर जसाच्या तसा काढता येतो. (एसएईएम ही यादृच्छिक आकडे वापरणारी पद्धत वापरणार असाल तर नोडवरही सीड लागेल. तिथे ल'एक्युअर जनरेटरचे वेगवेगळे प्रवाह द्या.)

रुग्ण उचलायचे, ओळी नाहीत. तोच रुग्ण दोनदा आला तर दुसऱ्या प्रतीला नवा आयडी द्या. नाहीतर मॉडेल दोघांना एकच माणूस समजतं, त्याच वेळेचे नमुने दुप्पट दिसतात आणि व्यक्तींमधल्या फरकाचा अंदाज बिघडतो. चूक शांतपणे होते, कुठेही एरर येत नाही. डेटा दोन-तीन अभ्यासांचा असेल तर अभ्यासानुसार स्ट्रॅटिफाय करा, म्हणजे प्रत्येक अभ्यासातून वेगळे रुग्ण उचला.

रेंगाळणारे रन: अलाउड_एक्झिक्यूट_ड्युरेशन 7200 ठेवलंत तर दोन तासांनी जॉब होल्डवर जातो. ठीक. पण ते रन गुपचूप वगळू नका. अवघड नमुन्यांवरच फिट रेंगाळतो, त्यांना गाळलं की विश्वास-मध्यांतर उगाच अरुंद दिसतं. 95% मध्यांतराच्या प्रत्येक टोकाला 1000 पैकी 25च रन असतात. गळालेले 60 असतील तर टोक हललंच. वेळ वाढवून पुन्हा चालवा, तरी न जमलेले किती ते अहवालात लिहा.

पार्ट_अकरा

क्यूएसाठी: सगळ्या मशिनवर आर आणि पॅकेजेसची आवृत्ती एकच, ती आरएन्व्हच्या (पॅकेजच्या आवृत्त्या नोंदवणारं साधन) लॉक फाइलीत गोठवलेली. प्रत्येक निकालाच्या फाइलीत मशिनचं नाव, वेळ, आवृत्ती आणि इनपुटचा एसएचए-256 (फाइलीचा डिजिटल ठसा) लिहा. वेगवेगळ्या पिढ्यांचे प्रोसेसर असतील तर शेवटच्या काही अंकांत फरक पडतोच, म्हणून तेच 10 रन प्रत्येक प्रकारच्या मशिनवर चालवून ऑब्जेक्टिव्ह फंक्शनची (फिट किती चांगला ते सांगणारा आकडा) तुलना करा. किती फरक चालेल ते आधी लिहा, उदाहरणार्थ 0.01, आणि मगच चालवा. आकडे पाहून मर्यादा ठरवली तर ती तपासणीत टिकत नाही.

रुग्णांचा डेटा सांकेतिक क्रमांकांचा असला तरी तो रात्री रिसेप्शनच्या पीसीच्या डिस्कवर उतरणार आहे. एन्क्रिप्ट_एक्झिक्यूट_डिरेक्टरी चालू करा.

आणि एक स्पष्ट सांगतो. हे काम वर्षातून एकदाच असेल तर 40 मशिनची पडताळणी करत बसू नका. क्लाउडच्या मुंबई रिजनमध्ये 96 व्हीसीपीयूचं (आभासी प्रोसेसरचं) एक मशिन घ्या. इंटेलवाल्यात प्रत्यक्ष कोअर 48, म्हणजे 417 तासांचं काम नऊएक तासांत. एकच मशिन, एकच पडताळणी. दर महिन्याला लागणार असेल तरच ऑफिसच्या मशिनचा पूल परवडतो.

अंधेरी_पीके

दर महिन्याचंच आहे, म्हणून पूल. 5 मशिनवर लावून पाहिलं. रिक्वेस्ट_मेमरी 4096 दिली आहे. प्रत्येक मशिनवर तीनच जॉब चालतात, चौथा आयडल राहतो. कोअर तर मोकळा दिसतोय.

स्लॉट_रिकामा

कॉन्डर_क्यू बेटर-अ‍ॅनलाइझ लावून त्या जॉबचा क्रमांक द्या, मेमरीची अट जुळत नाही असंच येईल. 16 जीबी म्हणजे 16384, पण ऑनबोर्ड ग्राफिक्स त्यातला वाटा आधीच काढून घेतं, त्यामुळे एचटीकॉन्डरला त्याहून कमी दिसते. 4096 चे तीन बसले की चौथ्याला थोडक्यासाठी जागा उरत नाही. संपलेल्या जॉबच्या लॉगमध्ये शेवटी प्रत्यक्ष वापरलेली मेमरी लिहिलेली असते. ती 900 एमबीच्या आसपास असेल तर 1500 मागा, चौघे आरामात बसतील.