मदत हवी आहे: इंग्रजीतली प्रयोजक क्रियापदं – 'हॅव' आणि 'गेट' कसं शिकवावं?

दहावीच्या मुलांना इंग्रजी शिकवते. मराठीत हसणे-हसवणे, करणे-करवणे असा फरक क्रियापदाच्या रूपातच दिसतो. इंग्रजीत बहुतेक वेळा त्यासाठी वेगळं क्रियापद जोडावं लागतं आणि ते कोणतं, यावर अर्थ ठरतो. 'शी लेट हिम गो' म्हणजे जाऊ दिलं, 'शी मेड हिम गो' म्हणजे जायला लावलं. इथवर मुलांना कळतं.

पुढे अडतं. 'आय हॅड द मेकॅनिक चेक द ब्रेक्स' आणि 'आय गॉट द मेकॅनिक टू चेक द ब्रेक्स', दोन्हीचं मराठी मुलं एकच करतात: मेकॅनिककडून ब्रेक तपासून घेतले. मी सांगते, 'हॅव'मध्ये काम सांगितलं आणि झालं, ते त्याचं कामच आहे. 'गेट'मध्ये बऱ्याचदा मागे लागावं लागतं, पटवावं लागतं. एवढं पुरे आहे का?

दुसरी अडचण मोठी. 'ही हॅड हिज हेअर कट' म्हणजे केस कापून घेतले. मग 'ही हॅड हिज फोन स्टोलन'? एका मुलीने विचारलं, "हुबेहूब तीच रचना आहे, तर त्याने फोन चोरायला लावला का?" प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तर कसं द्याल?

प्रतिसाद:
ताई, ही रचना एवढंच सांगते की त्याच्या वस्तूच्या बाबतीत काहीतरी घडलं. ते त्याने घडवलं की त्याच्यावर ओढवलं, हे संदर्भावरून कळतं. केस कापणं माणूस मुद्दाम करवून घेतो, चोरी कोणी करवून घेत नाही. शेजारी 'ही हॅड कट हिज हेअर' जरूर लिहा. शब्द तेच, पण क्रम बदलला की त्याने स्वतःच आधी केस कापले होते, असा अर्थ होतो. माझ्या मते हीच जोडी आधी शिकवावी.

आणखी एक प्रतिसाद:
'मेक' म्हणजे दरवेळी सक्ती नव्हे, हेही सांगा. 'द न्यूज मेड हर क्राय' म्हणजे बातमीने रडवलं. कर्मणी प्रयोगात मात्र 'टू' येतो: 'ही वॉज मेड टू वेट'. 'लेट'ला तिथे सहसा 'वॉज अलाउड टू' वापरतात.

धागाकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार, जोडी उद्याच फळ्यावर लिहिते. 'ही गॉट द इंजिन टू रन' आणि 'ही गॉट द इंजिन रनिंग' यांतला फरकही कोणी उदाहरणं देऊन समजावेल का?