गार्नेटची बाजू तळाची की माथ्याची? रूपांतरित खडकातला मूळ गाळ कसा ओळखावा

प्रश्न (कराड, एम.एस्सी. भूशास्त्र)

नमस्कार. आमच्याकडे जिकडे पाहावे तिकडे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा काळा बेसाल्ट, त्यामुळे कँब्रियनपूर्व (सुमारे ५४ कोटी वर्षांहून जुने) खडक मी पहिल्यांदा पाहिले ते गेल्या महिन्यात, कर्नाटकातल्या होळेनरसीपूर शिस्ट (उष्णता आणि दाबाने पानापानांचा झालेला खडक) पट्ट्यात. तिथे एका उघड्या खडकात वीतभर जाडीचे पट्टे पुन्हा पुन्हा येत होते. प्रत्येक पट्ट्याची एक बाजू फिकट, बारीक कणांची आणि क्वार्ट्‌झने भरलेली होती. दुसऱ्या बाजूकडे अभ्रक वाढत जाऊन शेवटी वाटाण्याएवढे गार्नेट (लालसर, कठीण खनिज) दिसत होते. श्रेणीबद्ध स्तरणात, म्हणजे कण आकारानुसार बसलेल्या थरात, जाड कण तळाशी असतात, म्हणून मी गार्नेटची बाजू तळाची मानली. मात्र शेजारच्या क्वार्टझाइटमधले (वाळूच्या खडकापासून रूपांतरित झालेल्या खडकातले) तिरकस थर, म्हणजे प्रवाहाने कलते रचलेले वाळूचे थर, नेमके उलट सांगतात. चूक कुठे होते आहे?

उत्तर (सांगली, निवृत्त प्राध्यापक)

तुमचे निरीक्षण अचूक आहे, वाचन मात्र उलटे झाले आहे. गार्नेट हा पाण्याबरोबर वाहत आलेला कण नाही. तो पुढे उष्णता आणि दाब वाढल्यावर त्या थरातच वाढला. त्याला लागणारे ॲल्युमिनियम आणि लोह चिखलात भरपूर असते, स्वच्छ वाळूत जवळजवळ नसते. म्हणजे जिथे मुळात सर्वांत बारीक चिखल बसला, तिथेच आज सर्वांत मोठे स्फटिक आहेत आणि तळाची वाळू बारीक दिसते आहे. अशा खडकात कणांच्या आकारापेक्षा घटकांवर विश्वास ठेवावा, कारण रूपांतरणात आकार पार बदलतो, पण पाणी आणि कार्बन डायऑक्साइड यांसारखे वायुरूप घटक सोडले तर थराचे रासायनिक स्वरूप बरेचसे टिकते. तेव्हा गार्नेटची बाजू माथ्याची. वाळू आणि चिखल यांची अशी जोडी पुन्हा पुन्हा येत असेल, तर गढूळ पाण्याचे लोट उतारावरून येऊन विसावत होते असे म्हणता येईल. पाणी किती खोल होते हे मात्र एवढ्यावरून ठरवू नये.

उत्तर (सातारा)

सरांशी पूर्ण सहमत आहे, तरी तिरकस थरांविषयी सावध राहावे. दाबाखाली खडक चेपला किंवा ताणला गेला की तिरकस थरांचा कोन बदलतो, म्हणून त्या कोनावरून वाळूच्या मूळ उताराचा अंदाज बांधता येत नाही. शिवाय घट्ट घड्या पडून तुटलेले पट्टे हुबेहूब तिरकस थरांसारखे दिसतात. खरे तिरकस थर तळाकडे वळत जाऊन अलगद टेकतात आणि वरच्या बाजूला सुरीने कापल्यासारखे तुटतात. मॅग्नेटाइटसारख्या जड खनिजांच्या बारीक काळ्या रेघा त्यांच्याबरोबर वळत असतील, तर तो मूळ गाळाचाच माग. केवळ अभ्रकाची पाने एका दिशेला लागली असतील, तर ते नंतरचे पर्णन, म्हणजे दाबाने आलेली पानांसारखी रचना, असू शकते.

दुसरे असे की, जाड आणि स्वच्छ क्वार्टझाइट दिसले की आपण लगेच समुद्रकिनारा म्हणतो. कँब्रियनपूर्व काळी जमिनीवर झाडोरा नव्हता, नद्यांचे काठ धरून ठेवणारी मुळे नव्हती. प्रवाह पसरट आणि अनेक फाट्यांचे असत, चिखल धुऊन जाई, आणि नदीची वाळूही किनाऱ्यावरच्या वाळूसारखी पसरे. आजची कृष्णा डोळ्यांसमोर ठेवून ते खडक वाचले तर फसगत होते. कर्नाटकातल्या धारवाड खडकसमूहाच्या काही पिंडाश्मांत (गोटे जुळून झालेल्या खडकांत) पायराइट (लोह-गंधकाचे खनिज) आणि युरेनिनाइट (युरेनियमचे खनिज) यांचे वाहून आलेले कण सापडतात. भरपूर ऑक्सिजनच्या हवेत ते प्रवासातच नष्ट झाले असते, म्हणून सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वीच्याही आधीचे वातावरण अशा गोट्यांतून वाचता येते.

जाता जाता सांगतो, आपल्या पायाखालीही कँब्रियनपूर्व खडक आहे. कोयना परिसरातल्या रासाटीच्या विंधनविवरात सुमारे ९३३ मीटर बेसाल्ट संपताच थेट ग्रॅनाइटी पट्टिताश्म (नाइस, पट्ट्यापट्ट्यांचा रूपांतरित खडक) लागला. दोहोंच्या मध्ये गाळाचा थर आढळला नाही.

प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. छायाचित्रे मोठी करून पुन्हा पाहिली. काळ्या रेघा एका अंगाला वळून टेकतात आणि गार्नेटच्या दिशेला सरळ कापलेल्या आहेत, म्हणजे दोन्ही पुरावे एकच दिशा दाखवतात. माझा स्तरस्तंभ (थरांचा क्रम दाखवणारी आकृती) मी पूर्ण उलटा काढला होता. आज तो नव्याने काढायला घेते आहे. या खेपेस प्रत्येक थरापुढे कणांच्या आकाराऐवजी क्वार्ट्‌झ आणि अभ्रकाचे प्रमाण नोंदवणार आहे.