मदत हवी आहे: आयलीन मॉर्टन-रॉबिन्सन यांच्यावरच्या नोंदीत शब्द अडलेत

दौतटाक: स्त्री-अभ्यासाच्या पुस्तिकेसाठी छोटी नोंद करतोय. सुरुवात अशी आहे: "ऑस्ट्रेलियातल्या पहिल्या आदिवासी प्राध्यापक, क्वांडमूका जमातीच्या आयलीन मॉर्टन-रॉबिन्सन यांनी राष्ट्रीय आदिवासी ज्ञान संस्था चालवली." 'आदिवासी' ठेवू की 'मूलनिवासी' करू? त्यांच्या मांडणीतल्या 'स्टँडपॉइंट'ला, म्हणजे आपल्या सामाजिक स्थानावरून जग बघण्याच्या दृष्टीला, काय म्हणू? आणखी काही खटकतंय का?

करवतकाठी: शब्दांचं नंतर बघू, आधी तथ्य. 'पहिल्या प्राध्यापक' चूक आहे. अ‍ॅबोरिजिनल विदुषी मार्शा लँग्टन २००० सालीच मेलबर्न विद्यापीठात प्राध्यापक झाल्या. मॉर्टन-रॉबिन्सन २०१६ साली क्वीन्सलंड युनिव्हर्सिटी ऑफ टेक्नॉलॉजीत 'डिस्टिंग्विश्ड प्रोफेसर' झाल्या, म्हणजे साध्या प्राध्यापकाच्या वरचं मानाचं पद. त्या पदावरच्या देशातल्या पहिल्या इंडिजिनस व्यक्ती. भाषांतरात 'डिस्टिंग्विश्ड' गळलं की वाक्य खोटं होतं.

'आदिवासी' वाचून आपल्याकडे वारली, गोंड आणि अनुसूचित जमातींची यादीच आठवणार. 'मूलनिवासी'ला इथल्या बहुजन राजकारणाचा वास आहे. 'अ‍ॅबोरिजिनल'च लिहा. मात्र ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या टॉरेस स्ट्रेट बेटांवरचे लोक त्यात येत नाहीत. दोघे मिळून 'इंडिजिनस'. 'अ‍ॅबोरिजिनी' तिकडे अपमानकारक मानतात, तो टाळा.

'जमात'ही काढा. क्वांडमूका म्हणजे ब्रिस्बेनजवळच्या मॉर्टन उपसागराची जमीन-पाणी आणि तिथले लोक. त्यांत नुनकल, गोएनपुल, न्गुगी येतात. या बाई गोएनपुल.

ती 'संस्था' नव्हे, 'नॅशनल इंडिजिनस रिसर्च अँड नॉलेजेस नेटवर्क' हे वेगवेगळ्या विद्यापीठांतल्या इंडिजिनस संशोधकांचं जाळं. ऑस्ट्रेलियन रिसर्च कौन्सिलचं अनुदान, संचालक या होत्या. संशोधक विद्यार्थ्यांना शोधपद्धती, नीतिनियम आणि लेखन शिकवणं हे त्याचं मोठं काम होतं. नोंदीत दोन ओळी तरी त्याला द्या. नावात 'नॉलेजेस' असं अनेकवचन मुद्दाम आहे. मराठीत 'ज्ञानं' कानाला बोचतं, 'ज्ञानपरंपरा' करा.

उंबरठा: 'स्टँडपॉइंट'ला 'भूमिदृष्टी'. समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांच्या १९९८च्या इंग्रजी लेखानंतर दलित स्त्रीवादी भूमिदृष्टीची चर्चा आपल्याकडे रुळली, त्यामुळे वाचकाला शब्द ओळखीचा. पण दोन्ही एकच समजू नका. रेग्यांच्या मांडणीत जात मध्यभागी. मॉर्टन-रॉबिन्सन यांच्या मांडणीत आपल्या भूमीशी असलेलं नातं आणि कधीही न सोडलेलं सार्वभौमत्व. 'टॉकिन अप टू द व्हाइट वुमन' या त्यांच्या २००० सालच्या पुस्तकात रोख गोऱ्या स्त्रीवादावर आहे: स्वतःचा गोरेपणा न तपासता सगळ्या बायकांच्या वतीनं बोलणं. 'तिथला दलित स्त्रीवाद' असं शीर्षक दिलंत तर भूमीचा मुद्दाच गेला.

दौतटाक: आता असं: "मिंजेरिबाच्या गोएनपुल विदुषी आयलीन मॉर्टन-रॉबिन्सन २०१६ साली ऑस्ट्रेलियातल्या पहिल्या इंडिजिनस डिस्टिंग्विश्ड प्रोफेसर झाल्या. इंडिजिनस संशोधन आणि ज्ञानपरंपरांच्या राष्ट्रीय जाळ्याच्या त्या संचालक होत्या."

करवतकाठी: चालेल. मिंजेरिबापुढे 'नॉर्थ स्ट्रॅडब्रोक बेट' जोडा, बऱ्याच नकाशांत तेच नाव छापलेलं असतं.