हंचबॅकला रंग कोणता द्यावा? उजवा खांदा दर मॅचला उडतोय

साताऱ्याचा_कुबडा

मंडळी, मेकवॉरिअर ऑनलाईन हा अवाढव्य लढाऊ यंत्रमानवांचा कॉम्प्युटर गेम खेळणारं इथं कुणी आहे का? माझ्याकडं त्यातला हंचबॅक ४जी नावाचा यंत्रमानव आहे. ५० टनी गडी, उजव्या खांद्यावर कुबड आणि कुबडात एसी/२० तोफ. जवळून गोळा बसला की समोरचा हादरतो. पण ते कुबड सगळी दुनिया ओळखते. गाठ पडून दोन मिनिटं होत नाहीत तोवर उजवा खांदा गायब, आणि मग मी उरलेल्या बारक्या लेझरनं लोकांना गुदगुल्या करत फिरतो.

आधी हिरवा-तपकिरी जंगल पॅटर्न होता. फ्रोझन सिटीच्या बर्फात मी दहीभातातल्या मिरचीसारखा दिसायचो. म्हणून पांढरा केला, तर पुढचा मॅप वाळवंटाचा. गडी आधी निवडायचा आणि मॅप नंतर ठरणार, मग अंदाज बांधायचा कसा? शेवटी वैतागून कासच्या पठाराचे रंग दिले. अंग जांभळं, हातपाय तेरड्याचे गुलाबी आणि कुबडाला सोनकीचा पिवळा. दिसतो झकास, टिकत नाही.

हातात तीन रंग आणि एक पॅटर्न एवढंच आहे. सगळीकडं चालेल असं काही सुचवा, नाहीतर कॅमोफ्लाजचा नाद सोड म्हणून सांगा.

ऊसतोड_स्नायपर

बेंदराला बैलाची शिंगं रंगवतात तसं कुबड रंगवलंयस की! घुंगरं पण बांध आता, येताना ऐकू तरी येशील.

चेष्टा सोड, पण रंगानं काय होत नसतंय. रडारच्या टप्प्यात नजरेला पडलास की डोक्यावर लाल त्रिकोण येतो. हीट व्हिजन लावलं तर जांभळा काय नि पांढरा काय, तापलेलं धूड तेवढं चमकतं. त्यापेक्षा आपल्या टीमच्या रेव्हनच्या मागं मागं रहा, त्या यंत्राकडं समोरच्याचं रडार गंडवणारं ईसीएम असतं.

लांबीवाला_मिरज

सांगली-मिरज रोडला माझं डेंटिंग-पेंटिंगचं शेड आहे. अठरा वर्षं हातात रंगाची गन आहे. दुसरी गन रात्री नऊनंतर, शटर ओढल्यावर, पोराच्या पीसीवर. तेव्हा मी दोन्हीकडनं बोलतो.

स्नायपरभाऊंचं म्हणणं बरोबर आहे, पण अर्धंच. त्रिकोण म्हणतो, 'इथं हंचबॅक आहे.' नेम खांद्यावर धरायचा तर खांदा डोळ्यानंच शोधावा लागतो, आणि तू त्याला पिवळा फासून समोरच्याचं निम्मं काम केलंयस.

आमच्या धंद्यात पोरगं नवीन आलं की आधी हे शिकतं. गाडीच्या बॉडी लाईनवर रंग तोडला, वर एक आणि खाली दुसरा, की लाईन उठून दिसते. तोच रंग लाईनवरून तसाच पुढं नेला की लाईन दबते. तू कुबड एका रंगाचं आणि छाती दुसऱ्या रंगाची केलीस, म्हणजे बरोबर सांध्यावर रेघ मारून दिलीस. उलटं कर. मोठ्या डागांचा पॅटर्न घे, ज्यातला एखादा गडद डाग कुबडावरून छातीवर उतरतो. मग वशिंड कुठं सुरू होतं आणि पाठ कुठं, ते लांबून कळायला वेळ लागतो. त्या एक-दोन सेकंदात तुझा एक गोळा सुटतो. रंगाकडनं मागायचं तर एवढंच माग.

बारीक चौकोनांचा डिजिटल पॅटर्न अजिबात नको. गॅरेजच्या स्क्रीनवर भारी दिसतो, ५०० मीटरवर सगळे चौकोन मिसळून गडी एकरंगी होतो. आणि 'सगळीकडं चालेल असं' म्हणतोस ना, तो नाद अमेरिकेच्या आर्मीनं करून बघितलाय. २००४ साली वाळवंट, जंगल, शहर सगळ्याला मिळून एकच करडा डिजिटल गणवेश आणला. तो बहुतेक ठिकाणी उठूनच दिसायचा. दहा वर्षांनी दुसरा पॅटर्न घ्यावा लागला.

खरा कॅमोफ्लाज बघायचा असेल तर कारखाने सुरू असताना रात्री आष्ट्याच्या रस्त्याला ये. उसानं भरलेली ट्रॉली पुढं उभी असते आणि मोटरसायकलच्या उजेडात दिसत नाही. पाचट लोंबतंय, त्यामुळं कड सरळ नाही. चमक नाही. मागची लाईट उसाखाली गेलेली. कुणी ती लपवायला रंगवलेली नसते, तरी पाच-सहा फुटांवर येईस्तोवर कळत नाही. दरवर्षी सीझनच्या आधी मी अशा ट्रॉल्यांना फुकट रेडियम लावून देतो. धंदा दिसण्याचा आणि खेळ लपण्याचा, असं चाललंय.

हां, आणि चकचकीत फिनिश असेल तर काढ. काळी गाडी पॉलिश केली की नखाएवढा डेंटसुद्धा दिसतो, कारण उजेड तिथं वाकतो. मॅटवर तोच डेंट मरतो.

साताऱ्याचा_कुबडा

दादा, पिवळा आत्ताच काढला. एक शंका. झेब्र्यासारखे काळे-पांढरे पट्टे मारले तर? जुन्या जहाजांचे तसले फोटो बघितलेत.

लांबीवाला_मिरज

त्याला डॅझल म्हणतात. १९१७ ला नॉर्मन विल्किन्सन नावाच्या इंग्रज चित्रकारानं सुचवलं. त्यात जहाज लपत नव्हतंच. पाणबुडीवाल्याला टॉर्पेडो जहाजाच्या पुढं सोडावा लागतो, म्हणून जहाज कुठल्या तोंडानं आणि किती वेगानं चाललंय याचा अंदाज चुकवायचा, एवढाच डाव.

आता तूच बघ. पीपीसी (ऊर्जेचा गोळा फेकणारं हत्यार) किंवा तोफवाल्याला तुझ्या पुढं नेम धरावा लागतो, त्याला पट्टे थोडे नडतील. लेझरवाल्याला काय? बटण दाबलं की बसलं. पण तू छाती फिरवून मार डाव्या अंगावर घेत असशील, तर छाती नक्की कुणीकडं आहे हे न कळण्यात फायदा आहे. घेत नसशील तर आधी ते शीक, रंग नंतर.

एनसीसी_ताई_कराड

जांभळ्याला एवढं हसू नका. दुसऱ्या महायुद्धात माउंटबॅटननी आपल्या विनाशिकांना करडट जांभळा-गुलाबी रंग दिला होता, पहाटे आणि तिन्हीसांजेला जहाज आभाळात मिसळावं म्हणून. आजही त्या रंगाला माउंटबॅटन पिंक म्हणतात. संध्याकाळच्या मॅपवर कुबड्याचा जांभळा तसा वाईट नाही, फक्त त्यात करडा वाढवा.

पण मला वेगळंच विचारायचंय. तुम्ही उभे कुठं राहता? आम्हाला कॅम्पात शिकवायचे की वस्तू रंगाच्या आधी आकारानं, चमकेनं, सावलीनं आणि हालचालीनं दिसते. सगळ्यात वाईट म्हणजे डोंगराच्या कडेवर, आभाळ पाठीमागं घेऊन उभं राहणं. तुम्ही साताऱ्याचे ना? संध्याकाळी खालून अजिंक्यताऱ्याकडं बघा. तटावर माणूस उभा असेल तर शर्टचा रंग कळत नाही, पण माणूस कळतो. तीन मजली यंत्र असेल तर बोलायलाच नको.

ऊसतोड_स्नायपर

ताई, हा कायम कडेवरच असतो. मी एकदा समोरच्या टीममध्ये होतो, म्हणून माहितीय.

साताऱ्याचा_कुबडा

अरे, तो तू होतास होय!

असो. करडा, मातकट आणि फिकट जांभळा असे तीन रंग घेतले, मोठ्या डागांचा पॅटर्न लावला, एक डाग बरोबर कुबडावरून छातीवर येतोय. काल रात्री तीन मॅच झाल्या.

पहिलीत ताईंनी सांगूनसुद्धा कडेवर गेलो आणि मेलो, ती सोडून द्या. दुसरीत इतक्या दिवसांत पहिल्यांदा डावा खांदा आधी गेला! कुबड शेवटपर्यंत शाबूत, तोफेतले गोळे संपले तरी ते होतंच. लांबीवाले दादा, मिरजेला आलो की चहा माझ्याकडनं.

तिसरीत आमच्याच टीममधल्या एका अ‍ॅटलसनं पाठीत मारलं. १०० टनाचा तो गडी, माझी पाठ पत्र्याएवढी. वर म्हणतो, सॉरी भाई, निळ्या त्रिकोणाकडं लक्ष नव्हतं आणि तू दिसलाच नाहीस.