मदत हवी आहे: मोबाइलवरून गिटारच्या पिकअपचं (तारांचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग) वायरिंग बदलताना ‘टक्’ आवाज येतोय
मंडळी, माझ्या इलेक्ट्रिक गिटारच्या ब्रिजला चार वायरींचा हंबकर (दोन कॉइलचा पिकअप) आहे. त्याच्या दोन कॉइल सिरीजमध्ये, पॅरललमध्ये की एकच चालू, हे मोबाइलवरून ठरवता यावं म्हणून ईएसपी३२ (ब्लूटूथ असलेला छोटा कंट्रोलर बोर्ड) आणि ५ व्होल्टचे लॅचिंग रिले (वीज काढली तरी त्याच स्थितीत राहणारे इलेक्ट्रिक स्विच) बसवलेत. मीटर बरोबर दाखवतो: सिरीजला ८ किलोओहम, पॅरललला २. पॅरललचा तो काचेसारखा स्वच्छ आवाज ऐकून जीव सुखावला! पण मोड बदलला की अ‍ॅम्पमधून जोरात ‘टक्’ येतं, आणि ब्लूटूथ चालू असेपर्यंत बारीक किरकिर. आतल्या खाचेला तांब्याची पट्टी लावली, सगळे ग्राउंड एका ठिकाणी आणले. किरकिर थोडीशीच कमी झाली. रिले बदलताना २० मिलिसेकंद आउटपुट ग्राउंडला जोडून म्यूट करावं का? की रिलेऐवजी ऑप्टिकल (प्रकाशावर चालणारे) स्विच? महिनाअखेरीस कार्यक्रम आहे. कुणी केलं असेल तर सर्किटचा फोटो टाका, प्लीज.