मदत हवी आहे: जीपचं ब्रेक पॅडल पोकळ लागतंय, एअर काढूनही फरक नाही

काळीमाती_४बाय४
ब्रेक पॅडल एकदम मऊ झालंय. पहिल्या दाबाला जवळजवळ फ्लोअरला टेकतं, दोनदा पंप मारला की वर येतं आणि मग ब्रेक लागतो. ब्रेकच्या लाइनमधली एअर काढली, परत काढली, ऑइल नवीन टाकलं, मास्टर सिलिंडरचं (पॅडल दाबलं की ऑइल ढकलतो तो) किट बदललं. गळती कुठंच नाही. रविवारी ग्रुपबरोबर निघायचंय, त्यामुळं जरा लवकर सांगा. ‘चांगल्या गॅरेजला दाखवा’ हे सोडून काहीही चालेल.

डिझेलआप्पा
गाडी कुठली?

काळीमाती_४बाय४
जीप.

डिझेलआप्पा
ते कळलं ओ. सीजे, मेजर, थार, कमांडर? व्हॅक्यूमवर पॅडलला जोर देणारा बुस्टर आहे का? पुढं डिस्क का ड्रम?

काळीमाती_४बाय४
एमएम ५४०, डिझेल. बुस्टर आहे. बाकी नॉर्मल मॉडिफाय.

होटगीरोडकर
नॉर्मल मॉडिफाय म्हणजे काय असतंय बे 😄

हायवे_पाटील
बुस्टर गेलाय, लिहून घ्या. डिझेल गाडीला व्हॅक्यूम अल्टरनेटरच्या मागच्या पंपातून मिळतो. त्या पंपाच्या पात्या झिजल्या की ब्रेकची वाट लागते. माझ्या गाडीला हेच झालं होतं, पंप बदलला आणि लोण्यासारखा ब्रेक लागायला लागला.

डिझेलआप्पा
पाटील, व्हॅक्यूम गेला तर पॅडल दगड होतं, मऊ नाही. दोन्ही पाय देऊन उभं राहावं लागतं. इथं उलटं चाललंय.

हायवे_पाटील
माझ्या गाडीचं मला माहीत, तुमच्या पुस्तकातलं तुम्हाला माहीत.

आरटीओ_एमएच१३
मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ वाचा. कंपनीने दिलेल्या रचनेत परस्पर बदल चालत नाही, २०१९ ला सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलंय. आधी आरसी बुकात काय नोंद आहे ते सांगा.

काळीमाती_४बाय४
साहेब, ब्रेक लागत नाहीये. आरसी दाखवून गाडी थांबते का?

टायरप्रेमी
टायर कितीचे टाकलेत? ३१ इंचाच्या वर गेलात तर ब्रेक कमी वाटणारच. मी मड टेरेन काढून ऑल टेरेन टाकले. अक्कलकोट रोडला आवाज निम्म्यावर आला.

डिझेलआप्पा
मोठ्या टायरने गाडी थांबायला अंतर जास्त लागतं, पॅडल खाली जात नाही. आणि आवाजाबद्दल कुणी विचारलंय?

रेसर_बाळू
डॉट ५ टाका, सगळ्यात भारी ब्रेक ऑइल तेच. आकडा जितका मोठा तितकं चांगलं. आपल्याकडं मे महिन्यात ४४ ला पारा जातो, डॉट ३ कुठं टिकणार?

मिस्त्री_अशोकचौक
असलं कुणाला सांगू नका. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ३ आणि ४ ग्लायकॉलचं. ही दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत, सगळी लाइन बाद कराल. डॉट ५.१ वेगळं, ते ग्लायकॉलचंच. उकळण्याचं म्हणाल तर कोरडं डॉट ३ किमान २०५ डिग्रीला आणि डॉट ४ किमान २३० ला उकळायचं. हवेतलं पाणी ओढलं की तेच अनुक्रमे १४० आणि १५५ वर येतं. बाहेरच्या ४४ चा त्याच्याशी संबंध नाही. घाटात सतत ब्रेक मारून ऑइल उकळलं तर पॅडल मऊ होईल, पण यांचं थंड गाडीतच मऊ आहे.

मालक, आता दोन गोष्टी बघून सांगा. पॅडल दाबून पाय तसाच धरला तर हळूहळू खाली सरकतं का? आणि पुढं डिस्क बसवलेत का? तिसऱ्यांदा विचारतोय असं समजा.

काळीमाती_४बाय४
सरकत नाही, पंप मारून धरलं की धरून राहतं. पुढं बोलेरोचे डिस्क बसवलेत, त्यात काय विशेष? सगळेच बसवतात. एमआयडीसीतल्या एका पोरानं केलंय, काम स्वच्छ आहे.

डिझेलआप्पा
घ्या. हे आत्ता सांगताय. त्या आधी पॅडल कसं होतं?

काळीमाती_४बाय४
आधी चांगलं होतं.

होटगीरोडकर
रविवारी कुठं चाललाय तुमचा ग्रुप? नान्नजच्या माळावर मस्त ट्रॅक पडेल.

शेंगाचटणी
नान्नजला माळढोक अभयारण्य आहे, तिथं गाड्या घालायच्या नसतात. हौस असली तर स्वतःच्या रानात फिरवा.

होटगीरोडकर
चुकलं माझं. मग हुरड्याला तरी या, शेत आमचंच आहे, चटणी तुमची.

मिस्त्री_अशोकचौक
हुरडा नंतर. पाय धरल्यावर सरकत नाही म्हणजे मास्टर दाब धरतोय, किट उगाच बदललंत. पंप मारून वर येतं म्हणजे एक तर लाइनमध्ये हवा आहे किंवा कुठं तरी गॅप जास्त आहे. पुढच्या चाकाजवळ बसा आणि डिस्कवर पॅड दाबणाऱ्या कॅलिपरचं निप्पल, म्हणजे एअर काढायचा स्क्रू, वर आहे का खाली ते बघा.

काळीमाती_४बाय४
खालच्या बाजूला आहे, दोन्हीकडं. त्यामुळं पाना लावायला सोपं जातं.

मिस्त्री_अशोकचौक
मग जन्मभर काढली तरी एअर निघायची नाही. डावा कॅलिपर उजवीकडं आणि उजवा डावीकडं बसवलाय. हवा वर जाऊन अडकते आणि तुम्ही खालून नुसतं ऑइल सोडताय. कॅलिपर अदलाबदल करा. होजच्या बोल्टचे तांब्याचे वायसर नवीन टाका, जुने परत दाबले तर पाझरतात. होजला पीळ बसत नाही ना, ते स्टिअरिंग दोन्हीकडं पूर्ण फिरवून बघा. मग मास्टरपासून लांबच्या चाकापासून सुरुवात, म्हणजे मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. टाकी मध्ये रिकामी होऊ द्यायची नाही.

हायवे_पाटील
ते करताना व्हॅक्यूम पंपपण बघून घ्या.

डिझेलआप्पा
मिस्त्री, मास्टर जुना ड्रमचाच असेल तर? त्याच्या आउटलेटला दाब धरून ठेवायचा व्हॉल्व्ह असतो, ड्रमला साधारण १० पीएसआय. डिस्कला तेवढा ठेवला तर पॅड घासत राहतात.

मिस्त्री_अशोकचौक
बरोबर. गाडी चालवून आल्यावर डिस्कजवळ हात नेऊन बघा, लावू नका. ब्रेक न मारताही तापत असेल तर पुढच्या लाइनचा तो व्हॉल्व्ह काढावा लागेल. मास्टर फ्लोअरखाली, कॅलिपरपेक्षा खाली असेल, तर त्याच्या जागी २ पीएसआयचा लागतो, नाहीतर उभ्या गाडीत ऑइल मागं उतरतं.

काळीमाती_४बाय४
मास्टर वर आहे, बॉनेटमध्ये. कॅलिपर बदलले. पुढून एवढे बुडबुडे आले की बाटलीत फेस झाला. पॅडल बरंच वर आलंय आणि कडक लागतंय. डिस्क तापत नाही. पण पहिला दाब अजून थोडा लांब जातो, दुसरा बरोबर.

मिस्त्री_अशोकचौक
मागचे ड्रम कधी उघडलेत?

काळीमाती_४बाय४
मागं काही कामच केलं नाही, ते कशाला उघडू?

मिस्त्री_अशोकचौक
म्हणूनच उघडा. लायनर, म्हणजे ड्रमला आतून घासणारे पट्टे, झिजून गॅप पडला की पहिला दाब तो भरण्यातच जातो. व्हील सिलिंडरचं रबर उचलून आत ओल आहे का बघा, लायनरला ऑइल लागलं असेल तर जोडी बदला. सगळं कोरडं असेल तर ड्रम बसवून, चाक उचलून, चाक किंचित घासेपर्यंत अॅडजस्टर आवळा आणि मोकळं फिरेल इतपत मागं घ्या. रविवारी निघायच्या आधी रिकाम्या रस्त्यावर कमी स्पीडला चार ब्रेक मारा. पॅडल एका दाबात वर लागलं नाही तर गाडी घरी ठेवा.

काळीमाती_४बाय४
मागच्या चाकाचे नट जाम आहेत. डिझेल सोडून ठेवलंय, सकाळी लागतो.